हनीफभाईंचा पोपटी पंखा

हनीफभाईंचं पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान वरवट बकालला स्टँडच्या मागे. मृग लागायला आठवडा होता, ऊन नुसतं भाजत होतं. कोंबड्यांच्या शेडमधला एक पंखा कुरकुरत होता, तो काखोटीला मारून मी दुकानाशी गेले, तर शटर खाली. माझं डोकं फिरलं. मी तोंडाची फटकळ, हे साऱ्या वरवटला ठाऊक आहे. ‘हे काय मिस्त्री, उन्हाळ्यात कोणी दुकान बंद ठेवतं का?’ असं पुटपुटत फोन काढला. शेजारचा पंक्चरवाला हात पुसत उठला. म्हणाला, “ताई, फोन नका लावू. मिस्त्री वारले. काल दुपारी नमाजाची वजू करून उठले आन् तिथंच बसले... सांजच्याले माती बी झाली.” तोंडावर आलेलं भांडण मी तसंच गिळलं. पंखा तसाच काखोटीला मारून घरी परतले.

आमची ओळखही भांडणातूनच झाली होती. तीन वर्षांपूर्वी मी घरामागं टिनाचं शेड टाकून दोनशे कोंबड्या आणल्या. पहिलाच उन्हाळा. मी शहाणी, चारही बाजूंचे पडदे खाली सोडले, त्यांवर ओली पोती टांगली आणि आत हनीफभाईंच्या दुकानातून आणलेले दोन पंखे फुल्ल सोडले. म्हटलं, आता कोंबड्या कूलरमध्ये बसल्या! दुपारी पाहते तर साऱ्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकताहेत. डोळ्यांदेखत नऊ गेल्या. मी रडत-रागवत त्यांना फोन केला, “तुमच्या पंख्यांनी माझ्या कोंबड्या मारल्या!” बिचारे भर उन्हात गाडी हाणत आले. आले ते थेट पडदे वर गुंडाळत सुटले. वाफेचा भपकारा बाहेर आला, एखाद्या न्हाणीघरातून यावा तसा. मग डोक्याचा रुमाल सोडून मला म्हणाले, “ताई, घरात कूलर लावता तवा खिडकी उघडी ठेवता का नाही?”

“ठेवते.”

“मंग कोंबड्याइची काऊन बंद केली?”

वऱ्हाडात जन्म गेला, शेंबडं पोरही सांगेल की कूलरसमोरची खिडकी लावली तर खोलीत चिकचिक होते. घरात जे रोज करते ते मला शेडमध्ये सुचलं नाही. मुक्या जिवांचा जीव गेला माझ्या शहाणपणापायी. हनीफभाईंनी मात्र पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीच काढायची, आणि ते म्हणायचे, “जाऊ द्या हो.”

त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत थांबले. टिनावर कडबा अंथरायला लावला. “निसत्या टिनाखाली पंखा लावसान तं वरची आग खाली ढकलसान,” म्हणाले. मग पंखे चालू केले आणि पांढऱ्या लेंग्यानिशी सरळ खाली भुशावर बसले, कोंबड्यांच्या मधोमध! मी म्हटलं, “अहो, कपडे!” तर म्हणाले, “वारा तुमच्या तोंडाले लागून काय फायदा? तिच्या उंचीवर बसून पाहा.” खाली पडलेलं एक पीस उचललं, दोऱ्याला बांधलं आणि कोपऱ्यात, कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगलं. पीस हललं नाही. पंखा जरा वळवला. तरी नाही. असं करत करत चारही कोपऱ्यांत चार पिसं हलेपर्यंत हा माणूस तिथून उठला नाही. पुढे ते माझं रोजचं काम झालं. दुपारी आधी पिसं पाहायची, मग जेवायचं.

पंख्याचं कामही त्यांनीच मला शिकवलं. “माही वाट कायले पाहता? शिकून घ्या,” म्हणायचे. कंडेन्सर बदलायला, वायर जोडायला, हुकाला पंखा टांगायला, आणि नट सुटू नये म्हणून त्यातली पिन दुमडायला. मी स्टुलावर, आणि ते खाली उभे राहून ओरडणार, “पिन दुमडली का? पिन दुमडल्याबिगर खाली उतरायचं नाही!” सासऱ्यांनंतर मला असं ओरडून बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगते, ते मला आवडायचं.

यंदा मी शेड वाढवलं. नव्या कोपऱ्यातलं पीस काही केल्या हलेना. त्यात उन्हानं कहर केला होता. हनीफभाईंना फोन केला, तर दुसऱ्याच दिवशी ते गाडीवर एक छताचा पंखा बांधून आले. जुना, तिन्ही पात्यांना पोपटी रंग फासलेला. मी म्हटलं, “हा पंखा आहे का पोपट? कुठलं भंगार उचलून आणलं?” हसले फक्त. “दुकानात पडून होता. हवा पाहा ताई, रंग नोका पाहू.” लावला. पीस हललं. उन्हाळाभर त्या कोपऱ्यातली एकही कोंबडी दगावली नाही. ‘भंगार’ हा शब्द मात्र माझ्या तोंडून गेला तो गेलाच.

ते गेल्यावर पाचव्या दिवशी मी त्यांच्या बायकोला, नसीमभाभींना भेटायला गेले. लेक सासरी परतली होती, भाभी एकट्याच इद्दतीला बसलेल्या, म्हणजे आता चार महिने दहा दिवस घर सोडायचं नाही. दार ढकललं आणि माझा हात दारावरच थांबला. दार पोपटी. खिडकी पोपटी. वर पाहिलं, तर छताला मोकळा हूक आणि टेप गुंडाळलेल्या दोन वायरी. भाभी पदरानं वारा घेत बसल्या होत्या.

भाभी म्हणाल्या, “वर काय पाहून राह्यल्या ताई? मी बी बोलली होती त्याइले, आपुन काय करावं? तं म्हने, आपल्याले आंगन हाय, बाज टाकू. कोंबड्या कुठं जातीन?”

आणि आता भाभींना ते अंगणही नव्हतं. तिथं परक्या पुरुषांची ये-जा, आणि इद्दतीत त्यांच्यासमोर यायचं नाही, त्यामुळे दिवसभर दार लोटून त्याच खोलीत. मी म्हटलं, “आजच काढून आणते.” तर त्यांनी माझं मनगट धरलं. “नोका. त्याइच्या हातानं लावलेला हाय. राहू द्या त्याइले तिथंच.”

दुसऱ्या दिवशी मी नवा पंखा नेला. पोपटी मिळाला नाही, पांढराच घेतला. भाभी म्हणाल्या, “पन लावन कोन? परका मानूस घरात नाही चालत आता.” मी पदर खोचला. “मी कशाला आहे मग?” लाइट बंद केली, स्टूल ओढलं. वायरी जोडल्या, हुकात पंखा घातला, नट आवळला. आणि खाली उतरायला पाय टाकला तोच थांबले... पिन दुमडायची राहिली होती. पुन्हा वर चढले, पिन दुमडली. त्या वेळी मात्र मला रडू आवरलं नाही. खाली उभं राहून ओरडणारं कोणी नव्हतं.

पिशवीत शेडमधलं एक पीस आणलं होतं. ते दोऱ्याला बांधून भाभींच्या बाजेशी, खिडकीच्या गजाला, उशीच्या उंचीवर टांगलं. हे काय, असं भाभींना विचारावं लागलं नाही, ही कोणाची रीत ते त्यांना ठाऊक होतं. बटण दाबलं. पंखा फिरला, पीस आधी थोडं थरथरलं, मग हललं.

“हाललं,” भाभी म्हणाल्या.

तरी माझं समाधान होईना. मी खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या उशीशी गाल नेऊन पाहिला. वारा पोचत होता.