चतुर्दशीचा उपास आणि इन्सुलिनची सुई

“डायबेटिस आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी केलंय. डायबेटिस म्हणजे मधुमेह. अंगात साखर जिरत नाही, लघवीवाटे जाते. दोन महिने त्या तांब्यावर तांब्या पाणी पीत होत्या आणि वाळत चालल्या होत्या, ते यामुळं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. निपाणीहून मोटारीनं आम्ही बेळगावच्या दवाखान्यात आलो होतो.

तिथं आठवडाभर राहिलो. डॉक्टर कागद बघून जात. खरं शिकवलं ते सगुणा सिस्टरनं. खानापूरकडची बाई, तोंडानं फटकळ. “घरी मी न्हाय येणार टोचाय. तुलाच टोचाय पायजे,” म्हणत तिनं काचेची पिचकारी माझ्या हातात दिली. इन्सुलिन म्हणजे साखर जिरवणारं औषध. सरावाला आधी चार वांगी टोचली, मग आत्याबाईंचा दंड.

युरीन टेस्टचं मात्र मला वेडच लागलं. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब घालून नळी तापवायची. निळी राहिली तर साखर नाही, हिरवी झाली तर थोडी, विटकरी झाली तर पुष्कळ. असं का होतं, हे विचारून सिस्टरला भंडावून सोडलं. गुपचूप स्वतःचीही तपासली. निळी! उगाचच आनंद झाला.

निघताना सिस्टरनं बजावलं, “घाम सुटला, हातपाय कापाय लागले, की साखर उतरली म्हणून समज. लगेच गूळपाणी पाज. इचारत बसू नगंस.”

घरी आल्यावर पहिली चतुर्दशी आली. आम्ही जैन, आत्याबाईंचा त्या दिवशी कडक उपास, फक्त उकळलेलं पाणी. सकाळी नळी पहिल्यांदाच निळीशार राहिली. मी हरखले. औषध म्हणजे काही अन्न नव्हे, मग ते कशाला चुकवायचं? रोजच्याएवढं टोचलं.

अकराच्या सुमारास आत्याबाई घामानं निथळल्या, थरथरू लागल्या. मी गूळपाणी नेलं, तर दात आवळून म्हणाल्या, “उपास हाय माझा.”

मी गाल धरले आणि चमच्याचमच्यानं पाजलं. सासूवर असा हात टाकायची ही पहिलीच वेळ.

थोड्या वेळानं त्या सावरल्या. “काय पाजलंस?” विचारलं. मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. बोलणंच बंद.

दोन दिवसांनी बेळगावला गेलो. बोलणी खायची तयारी होती. सिस्टरनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “चूक माझी हाय. काय खाता, ते समदं इचारलं. कवा खाईत न्हाय, ते इचारायचंच ऱ्हायलं.”

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “इन्सुलिन चालू असताना उपास करायचा नाही. पोटात अन्न नसलं की साखर फार उतरते, जिवावर बेततं.”

“मग मला औषध नगं,” आत्याबाई म्हणाल्या. औषध थांबलं तर त्या जगणार नाहीत, हे मला कळत होतं.

सिस्टर वाद घालत बसली नाही. जवळ बसून विचारत राहिली: उपास कधीपासून, कसा, कुणी शिकवला? दोन दिवस गप्प असलेल्या आत्याबाई अर्धा तास बोलल्या. निर्णय मात्र काही सांगितला नाही.

तुमच्या घरी हा आजार आला, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. उपासतापास, नेमधर्म, सगळं सिस्टरला आधी सांगा.

पुढच्या चतुर्दशीला मी भीतभीतच सुई उकळली. आत्याबाईंनी हाक मारली, “पद्मा, आदी ताट आण.”

ताट ठेवलं. त्यांनी दंड पुढं केला.

“लगीन झाल्यापासनं ह्यो उपास म्या कवा सोडला न्हाय. आता त्यो तू धरायचास. तू बी सोडू नगंस.”

मी टोचलं. मग त्या भाकरी खाताना रडल्या, आणि मीही रडले. दुपारी मात्र माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाल्या, “लई भूक लागली व्हय गं?” आणि किती दिवसांनी हसल्या.