दाबेचा उसना भाता

त्सुमक्वे गावाच्या आसपास दाबेला शिकारी म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे खुद्द दाबे. त्याची बायको चुको त्याला नुसतं ‘तोंड’ म्हणायची.

त्याचा बाणांचा जुना भाता वाळवीने खाल्ला. नवा करायचा तर बाभळीचं दंडाएवढं मूळ खणायचं, हातभर तुकडा निखाऱ्यात भाजायचा आणि हलक्या हाताने ठोकत आतलं लाकूड सोडवून साल नळीसारखी अख्खी काढायची. दाबेने पहिलं मूळ भाजता भाजता झोप काढली. त्याचा कोळसा झाला. दुसरं असं बडवलं की साल उभी फाटली.

“मूळच किडकं होतं,” तो म्हणाला.

“हो ना. आणि पहिलं आळशी होतं,” चुको कंद सोलत म्हणाली.

मग एके दिवशी स्वारी शेजारच्या वस्तीवर जाऊन आली ती खांद्याला भाता लटकवूनच. भात्याच्या तोंडाला हरणाच्या कातड्याचं नवंकोरं टोपण. “वाटेत बसून केला,” म्हणे. चुकोने सालीवरून बोट फिरवलं. वर्षानुवर्षं खांद्याला घासून ती गुळगुळीत झाली होती. बोलून तोंड कशाला विटाळायचं, म्हणून ती पुन्हा कंद सोलायला बसली.

दोन दिवसांनी म्हातारा ओमा त्याच वस्तीवरून आला. शेकोटीपाशी सगळे जमले होते. त्याने भाता मांडीवर घेतला.

“वा रे पठ्ठ्या! मी तरुणपणी केलेला, अगदी तसाच. दातांनी वादी आवळल्याची खूणसुद्धा माझ्याच दातांची. ते दात कधीच पडले, तुला कुठे सापडले?”

माणसं हसून लोळली. दाबे पुटपुटला, “आजोबा, झाडाला नुसता टांगलेला होता...”

“मीही झाडाखालीच निजतो. मलाही नेशील!” म्हातारा डोळे पुसत म्हणाला. “ठेव तुला. तुझ्या बाणांना तरी घर हवं.”

चोरीपेक्षा ही भीक चुकोला जास्त झोंबली. तिने भाता उचलून ओमाच्या खांद्याला अडकवला. “हा उद्या मूळ खणायला जाईल,” ती म्हणाली.

दाबे गेला. उन्हं कलल्यावर मूठभर बोरं घेऊन परतला.

“मूळ?”

“वाटेत हत्ती होता. एवढा मोठा!”

चुकोने बोरं घेतली आणि त्याच्याकडे पाठ करून एकटीनेच खाऊन टाकली.