लोणी काळभोरचं मातीचं कोर्ट

आमच्या घराण्यात मातीवर काय करावं हे न कळलेली पहिली व्यक्ती म्हणजे माझी मुलगी मुक्ता.

तिच्या आधीच्या सगळ्या पिढ्या करमाळ्याकडे मातीतच राबल्या. मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, पुण्यात विमा कार्यालयात चिकटलो आणि कसबा पेठेत दोन खोल्यांचं घर केलं. याबद्दल शाळेतल्या गुरुजींचे मी मनातल्या मनात अजून आभार मानतो. (पदवी इतिहासाची आहे. पुढे जे घडलं त्यात गुरुजींचा काही दोष नाही.)

मुक्ता चौदा वर्षांची, टेनिस खेळते आणि बापाने म्हणू नये, पण चांगलंच खेळते. हार्डकोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टावर, तिने आपल्यापेक्षा मोठ्या मुलींना रडवलं होतं. राज्याच्या ज्युनियर संघात ती जाणार असं सगळे धरून चालले होते. मग बातमी आली की यंदा निवडीचे सामने लाल मातीच्या कोर्टावर होणार.

तिच्या प्रशिक्षकांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, कारण त्यांच्याशी त्याहून जास्त बोलायची हिंमत होत नाही. मी भीत भीत विचारलं, मुक्ताचं काय होईल?

"हार्डकोर्टवर ती पळते," सर म्हणाले. "गवतावर, कधी मिळालंच तर, उडेल. मातीवर मात्र बसथांब्यावर उभी असल्यासारखी खेळते."

अडचण घसरण्याची होती. मातीवर धावत आल्यावर शेवटचं पाऊल घसरवत चेंडूपाशी थांबायचं असतं म्हणे. मुक्ताला ते जमत नव्हतं. ती करकचून ब्रेक लावायची, आणि ती थांबेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा. उपाय एकच, मातीवर सराव. पण मातीची कोर्टं क्लबच्या सभासदांनी भरलेली. सरांना तिच्यासाठी रविवारी सकाळी तेवढा एक तास मिळत होता. त्या तासात ती घसरायला शिकली नाही, फक्त रडायला शिकली.

एका रविवारी ती घरी आली, रॅकेट कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी नाव काढून घेऊ का?"

मला ते बघवेना. मी म्हणालो, "मातीच पाहिजे ना? माती मी करतो."

माझी बायको सुनंदा पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "अहो, तुम्हाला टेनिस कोर्ट करता येतं?"

"खळं करता येतं," मी म्हणालो. "मळणीचं खळं आणि कोर्ट, फरक काय? दोन्ही मातीचीच."

(हा प्रश्न मी तेव्हा कोणाला तरी विचारायला हवा होता. मी तो उत्तर म्हणून वापरला.)

सुनंदाचा भाऊ दत्ता लोणी काळभोरला शेती करतो. त्याच्या घरामागे सपाट मोकळी जागा आहे. तिथे त्याला कांदा साठवायला चाळ बांधायची होती. मी भाचीचं भवितव्य, राज्याचा संघ वगैरे सांगितल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "दाजी, भाचीसाठी जागा कायबी मागा. पर टेनिसचं मला काय ठाऊक न्हाई."

मी त्याला धीर दिला की मला आहे.

मग मी रजा टाकली. लहानपणी वडिलांच्या हाताखाली खळी केली होती, ते सगळं आठवलं. जमीन खणली, ढेकळं फोडली, मुरूम आणि काळी माती कालवून पसरली, पाणी मारलं, दत्ताच्या ओळखीतला रोलर आणून दाबली, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. शेवटी शेणाने सारवली. फक्कीने रेघा मारल्या. मधली जाळी म्हणून दत्ताने द्राक्षाच्या बागेवर पाखरांसाठी टाकतात ती जाळी चौपदरी करून बांधली. गावातले लोक येऊन बघून जायचे. एका म्हाताऱ्याने खाली वाकून तळहात फिरवला आणि असं खळं आपण हल्लीच्या काळात पाहिलं नाही, असं सर्टिफिकेट दिलं. माझ्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटपेक्षा मला ते जास्त भावलं.

शनिवारी मुक्ताला घेऊन गेलो. पलीकडे दत्ता उभा राहिला आणि चेंडू फेकू लागला. मुक्ता अशी काही खेळली की काय सांगू! या टोकाहून त्या टोकाला वाऱ्यासारखी. एकही चेंडू सुटला नाही.

"बाबा, मस्त आहे," ती धापा टाकत म्हणाली. "इथे घसरावंच लागत नाही."

ऐकून माझा ऊर भरून आला. वडील सांगायचे, पाय घसरला तर खळं कच्चं. माझं खळं पक्कं होतं.

पुढचे काही शनिवार-रविवार आम्ही तिथेच काढले. रविवारचा सरांचा तास मी परस्पर रद्द केला. कशाला हवा? मुक्ता हसायला लागली होती, जेवायला लागली होती. मीच उत्साहाने सरांना फोन करून सांगितलं, मातीचा प्रश्न मिटला, एकदा येऊन बघा.

सर आले. जाळीकडे त्यांनी एक नजर टाकली आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. मग एक चेंडू आपटला. तो टण्णदिशी उडाला. त्यांनी बुटाचं टोक जमिनीवर घासलं. धूळ उडाली नाही, ओरखडाही उठला नाही.

"हे काय आहे?"

"मातीचं कोर्ट, सर."

"हे हार्डकोर्ट आहे," सर म्हणाले. "जगात लोक सिमेंटचं करतात. तुम्ही मातीचं केलंत. एवढे कष्ट घेऊन."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मातीच्या कोर्टावर वर विटांच्या भुग्याचा सुटा थर असतो, त्यावरच पाय घसरतो. तो घसरावा म्हणूनच तो थर टाकतात. आणि मी मात्र कणही सुटा राहू नये म्हणून शेणाने सारवलं होतं. मुक्ता इतके दिवस ज्यावर छान खेळत होती, ते तिला आधीपासूनच येत होतं. जे येत नव्हतं, त्याचा उरलासुरला सरावही मी बंद केला होता. निवडीचे सामने पुढच्याच रविवारी सुरू होणार होते.

परतीच्या वाटेवर, हडपसरच्या गर्दीत, मागे बसलेली मुक्ता हळूच म्हणाली, "मला वाटलं, मला जमलं."

मी स्कूटर चालवत राहिलो. हेल्मेटचा एक फायदा असतो, तोंड दिसत नाही.

आता एकच करायचं, वरचा थर फोडून भुसभुशीत करायचा. शनिवारी आम्ही तिघं लोणीला पोचलो, तर कोर्टावर हरभरा! या रेघेपासून त्या रेघेपर्यंत वाळलेल्या हरभऱ्याचे ढीग, आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका काठ्यांनी तो बडवत होत्या.

"दाजी, न्हाई कसं म्हनू?" दत्ता म्हणाला. "एवढं गुळगुळीत खळं आख्ख्या गावात न्हाई. तुमचंच नाव घेत्यात समदी."

माझं नाव घेत हरभरा निघाला, वाऱ्यावर उफणला गेला, पोती भरली गेली. बायकांनी जाताना झाडलं, पण घाईत. मुक्ता कंटाळून रॅकेट घेऊन उतरली. दत्ताने चेंडू कोपऱ्यात टाकला, ती धावली, आणि पायाखाली हरभऱ्याचे दाणे आले. ती गेली ती थेट जाळीच्या खांबापर्यंत बसूनच गेली.

सुनंदा किंचाळली. मी खराटा आणायला पळालो. गुडघा खरचटला होता, आणि उद्या सामना होता. मी कोर्टाच्या एका टोकापासून जिवाच्या आकांताने झाडायला सुरुवात केली.

"बाबा, थांबा." मुक्ता उठून उभी राहिली होती. तिने एक पाय पुढे सरकवून पाहिला. गुडघा वाकवला. पुन्हा सरकवला. "क्लबच्या मातीवर होतं तसंच, सेम फील आहे. मामा, परत टाक."

दत्ताने टाकला. ती घसरली, पडली. पुन्हा टाकला. घसरली, डगमगली, पण उभी राहिली. पुढच्या वेळी घसरत जाऊन तिने चेंडू मारला. ब्रेक नाही की धडपड नाही.

"तिकडचेही दाणे इकडे पसरू का?" मी खराटा सरसावत विचारलं.

"बाबा, प्लीज. आता तुम्ही काही करू नका."

मी खराटा खाली ठेवला आणि बांधावर जाऊन बसलो. ऊन उतरेपर्यंत ती घसरत होती. सुनंदा प्रत्येक घसरणीला डोळे मिटत होती.

सामन्यांना मी मागच्या रांगेत बसलो. पहिला सामना मुक्ता हरली. दुसऱ्यात ती लाल मातीवर घसरत अशा काही चेंडूंपाशी पोचली की शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, ही मुलगी कुठल्या अकादमीत शिकते? मी खोकल्याचं निमित्त केलं. दुसरा सामना ती जिंकली, तिसराही जिंकली. संघात शेवटचं नाव तिचं होतं.

मी सरांपाशी गेलो. कष्ट माझेही होतेच ना! म्हणालो, "सर, म्हणजे शेवटी कोर्ट कामाला आलं."

"कोर्ट नाही," सर म्हणाले. "ते नीट झाडलं गेलं नव्हतं, ते कामाला आलं."

हल्ली कार्यालयात कोणी विचारलं की मुलीच्या यशात बापाचा वाटा किती, तर मी प्रामाणिकपणे खरं तेच सांगतो. शेजाऱ्यांच्या हरभऱ्याच्या खालोखाल.