तणसावर चाललेली मोटार

सन १९४४, पोळ्याचा दुसरा दिवस. मोटार चालवायला मी, शेजारी काकाजी, मागे धाकटी बहीण आणि तिची लोखंडी पेटी. दवनीवाड्याहून निघून गोंदियाला नागपूरची गाडी गाठायची होती. दुसऱ्या सकाळी बहीण नागपूरला हजर झाली नाही, तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगमधली तिची जागा जाणार होती.

निम्म्या वाटेत बैलाच्या नालेचा खिळा मागच्या चाकात घुसला. ट्यूब इतकी फाटली की ठिगळ बसेना. लढाईमुळे नवे टायर मिळत नव्हते, म्हणून जादा चाकही नव्हतं. बहिणीला रस्त्यालगत तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग दिसला. धानाचे भारे बांधायला वळतात तसे दोर ती वळू लागली.

"मोटारले तणस चारून राहिली काय, पोरी?" काकाजी म्हणाले. "पोळा तं काल झाला!"

"तुमी फक्त तणस आना, काकाजी. अन् ओलं करून आना."

ते दोर मी टायरात ठासून भरले. मग ब्रेक एकदम न दाबता, वाटेतल्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मधोमध राहत हळूहळू निघालो. बैलगाड्यासुद्धा आम्हाला मागे टाकून गेल्या. तरी गाडी सुटली तेव्हा बहीण डब्यात होती, आणि काकाजी फलाटावर भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं मोटार तणसावर आनली!"

बहीण शिक्षिका झाली. तो टायर अजून गुरांच्या कोठ्यात पडून आहे; त्यातलं तणस काढायचं तेवढं राहिलं आहे.