दिगूदादाची ठासणीची बंदूक

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी दोन वर्षांपासून आहे, पण फक्त वाचायला. खरं सांगायचं तर बरेचदा हसायलाच. माझं अकोल्यात चष्म्याचं दुकान आहे. डोळे कसे फसवतात हे रोज बघते... म्हाताऱ्या माणसांना खुंटीवरचा शर्ट माणूस वाटतो, नंबर वाढवून दिला की तो परत शर्ट होतो. त्यामुळे कुणी "मी डोळ्यांनी पाहिलं" म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, "तपासले कधी होते?" आज मीच लिहायला बसले आहे. हसायचं त्यांनी हसावं, माझी हरकत नाही.

आधी बंदुकीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं मूळ गाव परतवाड्याजवळ, मेळघाटच्या अगदी पायथ्याशी. संत्र्याची बाग, बाकी तूर आणि कपाशी. पीक राखायला बाबांच्या नावावर लायसनची बंदूक होती. ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद आणि छर्रे टाकायचे आणि लोखंडी गजाने ठासायचे. बाबांच्याही आजोबांच्या वेळची. मारायला अशी ती क्वचितच वापरली असेल. हवेत एक बार काढला की रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं पळायची, एवढंच काम.

बाबांपेक्षा ती जास्त वापरली माझ्या मोठ्या भावाने, दिगूदादाने. एकदा ठासून झाल्यावर तो गज नळीतच विसरला. बार काढला असता तर गज बाणासारखा सुटला असता. बाबांनी त्याला सगळ्यांदेखत कानाखाली दिली. तेव्हापासून दादाला सवयच लागली. ठासून झालं, गज बाहेर काढला, की तो डाव्या खांद्यावर दोनदा टेकवायचा... टक, टक... आणि मगच बंदुकीखालच्या खोबणीत घालायचा. गज बाहेर आहे, ही स्वतःलाच दिलेली खूण. आम्ही त्याला चिडवायचो.

मी बारावीत होते तेव्हा, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, दादा तूर राखायला म्हणून बंदूक घेऊन शेतात गेला आणि परत आला नाही. बंदूक नाल्याकाठच्या पळसाला टेकवून ठेवलेली सापडली. तो नाही. रक्त नाही, चप्पल नाही, काही नाही. विहिरींत गळ टाकले, जंगल पालथं घातलं, पोलीस झाले. कुणी म्हणालं सुरतला पाहिला, तर बाबा दोनदा सुरतला जाऊन आले. तो बावीस वर्षांचा होता. या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली.

बाबा गेल्यावर मी मायला अकोल्याला आणलं. बंदुकीचं लायसन माझ्या नावावर केलं. मी म्हटलं होतं, जमा करून टाकू. माय म्हणाली, "त्याच्या हातची वस्तू हाय. राहू दे." दादाचं श्राद्धही तिने कधी घालू दिलं नाही. नातेवाईक बोलून बोलून थकले. तिचं एकच, "कशाचं श्राद्ध? मेला हे कोनं पाह्यलं?"

तर गेल्या वर्षीची गोष्ट. अमरावतीचे सलीमभाई म्हणून आहेत. सिनेमा-सिरियलवाल्यांना जुन्या वस्तू पुरवतात... पलंग, कंदील, तलवारी. चिखलदऱ्याला एका हिंदी सिनेमाचं शूटिंग लागलं होतं. इंग्रजांच्या काळातली, डोंगरात लपलेल्या लुटारूंच्या टोळीची कहाणी. बंदुका सगळ्या फायबरच्या बनवल्या होत्या, पण जवळून घ्यायच्या शॉटसाठी डायरेक्टरला एक तरी अस्सल हवी होती. निवडणुकीच्या वेळी मी बंदूक ठाण्यात जमा करायला गेले तेव्हा सलीमभाईंनी ती पाहिली होती. त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. "म्याडम, बारूद नाही, छर्रे नाही, कुछ नाही. धूर बी कम्प्युटरवर टाकतेत आता. फक्त दोन दिवस."

कागदपत्रं त्यांनीच केली. अट एकच, लायसन माझ्या नावावर, म्हणून बंदूक जिथे जाईल तिथे मी हजर पाहिजे. मायला एकटीला ठेवता येत नाही, म्हणून तीही आली. खरं म्हणजे तिलाच शूटिंग पाहायचं होतं.

पहिला दिवस. चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला उघडं खडकाळ पठार. मी आणि माय छत्रीखाली खुर्च्या टाकून बसलेलो. हिरो दिल्लीचा मुलगा, तिशीचा, वागायला फार चांगला. खरं नाव लिहीत नाही, समीर म्हणू. बंदूक कशी भरतात हे दाखवायला मलाच बोलावलं. मी दाखवलं... नळी उभी धरायची, बारूद ओतल्यासारखं करायचं, गज काढून ठासायचं, गज परत खोबणीत. त्याने फायबरच्या बंदुकीवर चार-पाचदा केलं. बरोबर केलं.

मग शॉटसाठी अस्सल बंदूक हातात घेतली. ठासलं. गज बाहेर काढला. आणि डाव्या खांद्यावर दोनदा टेकवला.

मला वाटलं, योगायोग. गज लांब आहे, फिरवताना खांद्याला लागत असेल.

दुसऱ्या टेकला परत. तिसऱ्यालाही. डायरेक्टरला ते आवडलं, म्हणाला छान आहे, हेच ठेव. सलीमभाई माझ्याकडे येऊन म्हणाले, "ये तुमी शिकवलं काय म्याडम? एकदम असली वाटून राहिलं."

मी म्हटलं, "नाही."

पाठमोऱ्या शॉटसाठी समीरच्या जागी दुसरा माणूस उभा केला, त्याच्याच बांध्याचा, हैदराबादचा. त्याने समीरला पाहिलंही नव्हतं, तो तासाभरापूर्वीच गाडीतून उतरला होता. बंदूक भरायचं परत मीच दाखवलं. त्याने बंदूक घेतली, ठासली, गज काढला... टक, टक. डाव्याच खांद्यावर. त्यानंतर फायबरची बंदूक हातात दिली तर त्याने गज सरळ खोबणीत घातला. मी मुद्दाम दोनदा करून घेतलं.

माय पहिला शॉट लागायच्या आधीच मागे तंबूत जाऊन झोपली होती. तिने यातलं काही पाहिलं नव्हतं. मी तिला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिला खाली हॉटेलवरच ठेवायचं ठरवलं होतं, पण ती ऐकेना. मला कारण सांगता येईना.

दुसरा दिवस, दुपारी चारचा सुमार. ऊन अजून चांगलं होतं. शॉट असा : समीर एका मोठ्या दगडाआड बसून बंदूक भरतो आणि मान वर करून बघतो. डायलॉग नाही. कॅमेरा सुरू झाला. त्याने नळी उभी धरली, ठासलं, गज काढला, खांद्यावर दोनदा टेकवला.

शेजारची खुर्ची कुरकुरली. माय उठली होती. तिला धरायला मी हात पुढे करेपर्यंत ती चालायलाही लागली. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई, घरात भिंतीला धरून चालते... त्या खडकावरून सरळ गेली. कुणीतरी ओरडलं, "अरे माँजी को हटाओ!" मी मागे धावले. ती समीरच्या समोर जाऊन उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"दिगू, इतका उशीर काहून केला बाप्पा?"

समीरने तिच्याकडे पाहिलं नाही. तो खाली जमिनीकडे बघत होता. बंदूक त्याने दगडाला टेकवली आणि दोन्ही हातांनी तो खडक चाचपायला लागला... बोटांनी काहीतरी बाजूला सारत, जसं आपण काही सांडलं की करतो. मी चार हातांवर होते. त्याने जे म्हटलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"टोपी पडली वं माय. गवतात. शोधूनच राहिलो."

आवाज समीरचाच होता, बोली आमची होती.

माय म्हणाली, "राहू दे थे. ऊन उतरलं. चाल घरी."

तो थोडा वेळ तसाच चाचपत राहिला. मग त्याने मान वर केली, आम्हा दोघींना बघून गडबडला आणि हिंदीत म्हणाला, "क्या हुआ माँजी? आपको पानी चाहिए?"

बाकी सगळे हसत होते. त्याच्या डोक्यावर भला मोठा फेटा होता ना! डायरेक्टर म्हणाला, "कौनसी टोपी, यार? सिर पे तो है!" समीरला वाटलं आपली गंमत करताहेत. आपण काही बोललो हेच त्याला माहीत नव्हतं. मी मायला धरून आणलं. सलीमभाई हसत नव्हते. अमरावतीचा माणूस, त्यांना बोली कळली होती. त्यांनी काही न विचारता बंदूक आणून माझ्या हातात दिली आणि आमची गाडी मागवली.

घाट उतरून परतवाडा आल्यावर मायने विचारलं, "दिगू कोनती टोपी घालत होता वं? म्या तं कधी पाह्यली नाही."

आणि मला गाडीतच रडू फुटलं.

कारण ती डोक्यावरची टोपी नाही. ठासणीच्या बंदुकीत बारूद भरून झालं की घोड्याखाली एक तांब्याची बारीक टोपी बसवावी लागते, तुरीच्या दाण्याएवढी. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. टोपी नसेल तर भरलेली बंदूक म्हणजे नुसती काठी. दादाची बंदूक सापडली तेव्हा ती भरलेली होती... आणि टोपी नव्हती. पोलीस जमादाराने बाबांना ते दाखवलं तेव्हा मी तिथे होते. बाबांनी मला बजावलं, "हे मायले सांगू नको." समोर जे काही आलं असेल त्याच्यापुढे पोरगा रिकाम्या हाताने उभा होता, हे तिला कळू नये म्हणून. बाबा गेले, जमादार गेले. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नव्हती. नवऱ्यापाशीही नाही. सेटवर टोप्या नव्हत्याच, त्यामुळे तिथेही विषय निघाला नव्हता.

मी मायला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "येवढीशी वस्तू. गवतात कशी सापडंन?"

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. सलीमभाईंशी बोलताना दादाचा उल्लेख झाला असेल, मान्य. नट लोक बोली पटकन उचलतात, तेही मान्य. पण टोपी? आणि तो हैदराबादचा माणूस? एका रविवारी सकाळी मी स्वतः ती बंदूक घेतली, दार लावलं आणि भरल्याचं नाटक केलं. गज काढला. हात आपोआप कुठे जातो का, याची वाट बघत उभी राहिले. कुठेही गेला नाही.

चार महिन्यांनी समीरचा फोन आला. नंबर सलीमभाईंनी दिला होता. नागपूरला काही कामासाठी आला होता, म्हणाला, माँजींना भेटायचंय. घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं, दादाचं, खांद्याचं, टोपीचं. तो म्हणाला की त्या शॉटचं त्याला काही आठवत नाही, एक सोडून. गवत. कमरेइतकं उंच, सुकलेलं, हाताला कापणारं. तो म्हणाला, "पण तिथे तर नुसता खडक होता ना, दीदी?" मी म्हटलं, हो.

माय आतून ऐकत होती. तिने त्याला जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. तिने त्याला दिगू म्हटलं नाही, समीरच म्हटलं. हा आपला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तो जेवत असताना ती समोर बसली आणि तिने एकच गोष्ट विचारली.

"त्याले भूक लागली होती काय रे?"

मी हिंदीत सांगितलं. समीरचा घास हातातच राहिला. नाही म्हणाला असता तर काय बिघडलं असतं! माझ्या मनात आलं, म्हण बाबा नाही. पण त्याने खूप वेळ विचार केला, खरंच आठवून बघितलं, आणि म्हणाला, "पता नहीं, माँजी. सच में नहीं पता."

मायने मान हलवली. उठली, आणि त्याच्या ताटात दुसरी भाकर वाढली.

हे असं झालं. यापुढे मला काही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही उलगडत असेल तर लिहा. मी आता हसणार नाही.