आधी माझ्या गालावर

परतूरजवळच्या ज्या निवासी संस्थेत मी काळजीवाहक आहे, तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली बारा मोठी माणसं राहतात. रविवारी त्यांच्या दाढ्या मी करायचो. रेझर बघताच निम्मे पळायचे. म्हणून मी शक्कल काढली होती. आधी रेझर स्वतःच्या गालावर फिरवायचा, ‘बघ, दुखत न्हाई’ म्हणायचं, मग तोच त्यांच्या गालावर. आपल्याइतका मायाळू माणूस जिल्ह्यात नाही, अशी माझी खात्री होती.

माया उतू जात असली तरी जीव मला माझाच प्यारा. हातमोजे एकावर एक दोन चढवायचो. गेल्या पावसाळ्यात दात घासून देताना एकाने मोज्यांसकट माझं बोट चावलं, रक्त आलं. मी असा बोंबललो की स्वयंपाकाच्या मावशी तव्यावरची पोळी सोडून धावत आल्या. ‘याच्या रक्तात काय असंल कुणाला ठाऊक’ म्हणत मी त्याला घेऊन जालन्याला डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासलं. त्याचं स्वच्छ निघालं. माझ्या रक्तात मात्र हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, कधीपासून मुक्कामाला होती.

“धोका चावणाऱ्याला आहे,” डॉक्टर म्हणाले. “त्याच्या तोंडात तुमचं रक्त गेलं. तुमचा रेझर कुणी वापरतं?”

“न्हाई,” मी म्हणालो.

परतीच्या जीपमध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर बाकी अकरा जणांना कुणी तपासणार नाही. सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस मी नोकरीचाच विचार केला. रविवारी तोच गडी गळ्यात टॉवेल अडकवून बसला आणि म्हणाला, “भाऊ, आधी तू.” मी रेझर खाली ठेवला आणि सरळ संस्थेच्या मॅडमकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “या काविळीच्या लसीचे तीन डोस सगळ्यांबरोबर तुम्हाला पण होते ना?”

“एकच घेतला. मंग सुईच्या भीतीनं जाफराबादला लग्नाला गेल्तो.”

“दोन्ही टायमाला?”

“दोन लग्नं होती.”

त्या हसल्या नाहीत. नोकरी राहिली, दाढीचं काम गेलं, आणि सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट येईपर्यंत मी जेवलो नाही असं नाही, पण घास गोड लागला नाही.

सगळे ठणठणीत निघाले. ज्यांना मी मनातल्या मनात ‘बिचारे’ म्हणायचो, त्यांनी दंड पुढे करून तिन्ही सुया घेतल्या होत्या, म्हणून ते माझ्या मायेतून वाचले.