आबांनी थांबवलेला रंग

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॉम्प्युटरवरही फारसा नव्हता, पण तो घरात येऊन बसला होता. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय...

२००१ सालचा मार्च. कोल्हापूर, मंगळवार पेठ, पहिल्या मजल्यावरची पुढची खोली. माझे सासरे – आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणायचो – अर्धांगाच्या झटक्यानंतर मुरगूडहून आमच्याकडे आले होते. हातपाय हलायला लागले, पण तीन महिने तोंडातून शब्द नाही. बायको, शोभा, रोज समोर बसायची. "आबा, काहीतरी बोला की. शिव्या द्या, चालंल." ते नुसते बघायचे. मग ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची.

मी तेव्हा मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीतले प्रोग्रॅम टाकून बघायचो. त्यातला एक डेस्कटॉपचा रंग बदलायचा, इतका सावकाश की बदलताना कळायचंच नाही. रंग आणि वेळ आपण ठरवायची. मला पहाटेचं आभाळ हवं होतं. आकडे चुकले आणि मळकट हिरव्यापासून पिवळ्यावरून थेट काळपट तपकिरीपर्यंत गाडी गेली.

"शेणाचं आभाळ केलंय," शोभा म्हणाली.

आबांनी मात्र खुणेनं खुर्ची पुढं घ्यायला लावली. चाळीस वर्षं ते गुळव्या होते, ऊस कायम दुसऱ्याचा. गुऱ्हाळात उकळत्या रसाचा रंग बघून काहील, म्हणजे ती भलीमोठी कढई, चुलवाणावरून कधी उतरायची, हे सांगणारा माणूस. जरा उशीर झाला की गूळ काळा. हे सगळं मला ठाऊक होतं, पण तेव्हा डोक्यात येईल तर शपथ.

चौथ्या दुपारी कॉम्प्युटरचा पडदा सोनेरी झाला आणि आबांनी हात वर केला.

"पावणं... काहील उतरा."

पावणं म्हणजे मी, जावई. मी काय उतरणार, कपाळ? शोभा पिठाच्या हातानं धावत आली.

आणि रंग तिथंच थांबला. तास झाला तरी पुढं सरकेना. प्रोग्रॅम मात्र चालूच दिसत होता.

पुढचे दहा-बारा दिवस हेच. आबा झोपलेले असले की रंग पार काळपट व्हायचा. ते समोर बसून 'काहील उतरा' म्हणाले की थांबायचा. मीही दोनदा म्हणून बघितलं. ढिम्म.

"घरात कोण ऐकतंय तुमचं, की ते ऐकंल?" शोभा म्हणाली.

माईक वगैरे काही जोडलेला नव्हता. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्रानं सगळं तपासलं. "ह्यात थांबवायची सोयच न्हाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वाचा अशी अचानक परत येऊ शकते. येत असेल. रंगाचं त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

एका दुपारी त्या थांबलेल्या रंगाकडे बघत आबा हळूच म्हणाले, "शोभा, ऊस कुणाचा गं ह्यो?"

ती स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली.

"आपलाच हाय, आबा."

"मग झ्याक हाय," आबा म्हणाले.